विनाकारण चालणारा माणूस

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्यात विनाकारण चालणं हा संशयास्पद प्रकार आहे. हातात पिशवी असेल तर माणूस बाजाराला चालला, खांद्यावर टॉवेल असेल तर कुणाच्या तरी मातीला, बगलेत फाईल असेल तर तहसीलला. पण रिकाम्या हातांनी, भराभरा, कुठंच न जाता चालणारा माणूस दिसला की टपरीवरचे कप ओठापाशीच थांबतात. "कुठं चालले सर?" हा पहिला प्रश्न. "कुठं नाही, फिरायला," हे उत्तर कुणाच्याच गळी उतरत नाही. मग दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, "शुगर निघाली का?"

नाही म्हटलं तर बीपी. तेही नाही म्हटलं तर घरात काहीतरी झालं असणार. एवढ्यात मागून एखादा जुना विद्यार्थी मोटारसायकल घेऊन येतो आणि बरोबर आपल्यापुढं आडवी लावतो.

"बसा सर, सोडतो."

"अरे, मला कुठं जायचंच नाही."

"मग तिथपर्यंत सोडतो."

या प्रेमाला उत्तर नसतं. बसावं लागतं. नाही बसलो तर त्याच्या बापाला संध्याकाळपर्यंत कळतं, की सरांना काहीतरी राग आला आहे. शहरातल्या माणसाला चालायला फुटपाथ नसतो. आमच्याकडं रस्ता मोकळा असतो, पण माणसं चालू देत नाहीत.

बायकांनी मात्र यावर तोड काढली आहे. पहाटे चार-पाच जणी निघतात, साडीवर बूट, कानाला रुमाल, आणि विचारणाऱ्याला द्यायला एका मंदिराचं नाव. मंदिर जवळचं नसतं. गल्लीतला मारुती रोज सकाळी बघत राहतो आणि या त्याच्यासमोरून लांबच्या देवीला जातात. देव जेवढा लांब तेवढा पावणारा, असं एकदा ठरलं की सासूही काही बोलू शकत नाही. व्यायामाला जाते म्हटलं असतं तर घरातली कामं संपली का, हा प्रश्न आला असता. देवाला जाते म्हटल्यावर उलट "माझ्याही नावानं हात जोड" असं ऐकायला मिळतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालणं किंवा तेवढ्याच जोराचं दुसरं काही करायला सांगते. रोजची वीस-बावीस मिनिटं. आकडा ऐकला की आमच्या कट्ट्यावर हसू फुटतं, कारण इथं बसलेल्या प्रत्येकाच्या आईनं एवढं चालणं चूल पेटायच्या आत उरकलेलं असायचं. आडावरून पाणी, नंतर शेतात भाकरी, परत येताना डोक्यावर सरपण. शाळेला आम्ही शेजारच्या गावाहून पायी यायचो, आठवडी बाजाराला अख्खं खेडं पायी यायचं. यात शहाणपण नव्हतं, हे कबूल करायला हवं. गाडीला पैसे नव्हते एवढंच. पुढं घरोघर गाडी आली. कामं गाडीवर बसून गेली आणि पायांच्या वाट्याला नुसता व्यायाम उरला. तो कुणाला सांगायची लाज वाटते.

या बाबतीतला माझा आवडता पुरावा बसस्टँडवरचा आहे. आपली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. त्याच काळात लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचा डॉक्टर तिथल्या दुमजली बसगाड्यांकडं वेगळ्या नजरेनं बघत होता. गाडी एक, रस्ता एक, धूर एक, आणि नोकरीवर दोघं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं देत वरखाली करणारा, दिवसाला सुमारे सहाशे पायऱ्या. मॉरिसनं १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. शंकेखोर तिकडंही असतातच. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील, अशी शंका निघाली. तेव्हा या गड्यानं पुढं गणवेशाच्या नोंदी काढून दोघांच्या विजारींची मापं तपासली, आणि ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी भरली. म्हणजे शंका अगदीच फोल नव्हती. पण टपाल खात्यात पायी फिरणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांची तुलना केली तरी पारडं त्याच बाजूला झुकलं. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगला, त्यामुळं त्याच्याशी वाद घालायला फार लोक उरले नव्हते.

मंठ्याच्या स्टँडवर जिंतूर गाडी लागली की मला मॉरिस आठवतो. आमच्या कंडक्टरला पायऱ्या नाहीत, पण बी-बियाण्याच्या पिशव्या, दुधाची रिकामी कॅन, कुणाच्या पायाशी बांधलेली कोंबडी आणि "पुढं सरका" म्हटल्यावर मागं सरकणारी माणसं यांतून तो ज्या चपळाईनं शेवटच्या सीटपर्यंत जातो, त्याला कुठल्याही जिममध्ये पैसे मोजावे लागतील. महामंडळानं मधेच विनावाहक गाड्या काढल्या. म्हणजे मॉरिसच्या हिशेबानं दोघांतला तब्येतीला बरा होता, तेवढाच खाली उतरवला.

आता नवीन पिढीला मॉरिस लागत नाही, तिच्या मनगटावर घड्याळ आहे. माझ्या पुतण्याचं घड्याळ पावलं मोजतं आणि दहा हजार झाली की थरथरतं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यानं काढलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झालं, चालण्याची हवा तयार झाली, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढताना हा गोल आकडा त्याच्या नावातच घालून टाकला. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा अभ्यास झाला, त्यात साधारण साडेचार हजार पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि साडेसात हजारांच्या पुढं तो फारसा वाढला नाही. पुतण्याला हे सांगितलं तर त्यानं घड्याळाकडं बघितलं. त्याची साडेसात हजार झाली होती आणि तो सकाळपासून कट्ट्यावरून हलला नव्हता. राजकारणावर बोलताना तो हात फार हलवतो.

मला ते घड्याळ सोयाबीनमध्ये खुरपायला बसलेल्या बाईच्या हातात बांधून बघायचं आहे. खुरपं उजव्या हातात, घड्याळ डाव्या. सकाळी नऊपासून ती उकिडवी बसून सरी सरीनं पुढं सरकते आहे, अंगातून पाण्याच्या धारा, आणि मधेच घड्याळ वाजणार, ताई, फार वेळ बसलात, जरा उठून हालचाल करा!

चालण्याचं निमित्त निदान देवाच्या नावावर खपतं. खाण्यापिण्यात निमित्त चालत नाही, तिथं आजारच लागतो. हॉटेलात शिरून "बिनसाखरेचा" म्हणा. चाचा लगेच पातेल्यावरचा हात थांबवून विचारणार, "शुगर है क्या सर?" नाही म्हटलं तर तो साखर घालणारच, नाहीतर चहात राम नाही असं त्याला वाटतं. हो म्हटलं तर चारचौघांत तो आपली काळजी घ्यायला लागतो. पाहुण्यांकडं तेच. "पुरे" म्हटल्यावर आणखी एक पोळी पडते, "बीपी आहे" म्हटल्यावर वाढपी मागं सरतो. आजार हे कारण आमच्याकडं ग्राह्य आहे, तब्येत हे नाही. त्यामुळं माझ्या ओळखीत असे दोघे-तिघे आहेत, की जे अंगानं ठणठणीत आहेत आणि लग्नसराईपुरती त्यांनी शुगर जाहीर केली आहे. मला हा मार्ग मनापासून पटतो.

भाकरीचं आणखीच गमतीचं. मराठवाड्याची ज्वारी म्हणजे गरिबाचं अन्न, असं आम्ही लहानपणी शिकलो. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो आणि सुकडी खाल्लेल्या पिढीला गव्हाची पोळी म्हणजे सुख वाटलं, यात तिचा काय दोष? रेशनवर गहू आला, घराघरांत पोळी रोजची झाली, आणि भाकरी थापणारे हात कमी झाले. मग संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि पुण्यात राहणारी मंठ्याची पोरं 'मिलेट'ची बिस्किटं घेऊन गावी यायला लागली. आजीनं ती हुंगून बघितली आणि म्हणाली, "जवारीच हाय की. हिला एवढा कागूद कामून गुंडाळला?" चोथा असलेलं धान्य हळू पचतं, साखर सावकाश चढते, पोट लवकर भरतं. हे आजीला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की भाकरी खाल्लेला गडी दुपारपर्यंत परत जेवायला मागत नाही.

पण आजीला देव करायची माझी तयारी नाही. भाकरीच्या पिठात ती मीठ घालत नव्हती हे खरं, पण भाकरीबरोबर जो ठेचा यायचा, त्यात ते सगळं वसूल व्हायचं. शिवाय बरणीतलं लोणचं, तळलेली सांडगी मिरची, पापड, आणि मोसंबीच्या फोडीवरही चिमूटभर. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात वरणापासून फरसाणापर्यंत सगळं धरायचं. आमच्याकडं तो चमचा पहिल्या पंगतीलाच संपतो. सगळा दोष मिठाचा नाही, पण बीपी वाढवण्यात त्याचा हात मोठा आहे. आणि ते कमी केलं तर जिभेला काही आठवड्यांत सवय होते. तोवर घरात जी भांडणं होतात, त्यानं बीपी किती वाढतं याचा अभ्यास कुणी करायला हवा.

तेलाचंही असंच. करडई हे या मुलखाचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढले, घाण्यावरचं करडईचं तेल घरोघर होतं. पण करडईला काटे, काढणीला मजूर मिळेनात, आणि तिकडं सोयाबीननं अख्खं शिवार व्यापलं. आता काही हौशी मंडळी लाकडी घाण्याचं तेल महागात आणतात आणि त्यात भजी तळतात. लाकडी घाण्याचं आहे म्हणून दोन जास्तीची खातात. कढईला मात्र घाणा कळत नाही. कोणतंही तेल असो, एका चमच्याचे उष्मांक तेवढेच. त्यापेक्षा जवसाची चटणी बरी, चमचाभर खाल्ली तरी भाकरीला चव येते आणि अंगाला चांगली स्निग्धता मिळते. जवस आमच्याकडं अजून बेवारस आहे, पुण्यात त्याला इंग्रजी नाव मिळाल्यापासून भाव चढला आहे.

किती खावं हा प्रश्न आमच्याकडं जुना आहे. मंठा तालुक्यात हेलस नावाचं गाव आहे, जुन्या दगडी देवळांचं. तिथली माणसं हेमाडपंतांशी गावाचं नातं सांगतात. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री हेमाद्री. देवळं त्याच्या नावावर, मोडी लिपी लोक त्याच्या नावावर घालतात, आणि बाजरी महाराष्ट्रात त्यानं आणली अशीही दंतकथा आहे. दंतकथा सोडा. त्यानं वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे मात्र पक्कं. राज्याचा एवढा मोठा कारभारी रात्री दिवा लावून लोकांनी किती जेवावं यावर लिहीत बसला होता, ही कल्पना मला फार सुखावते. आणि ज्या ग्रंथावर त्यानं लिहिलं, त्यात सांगितलं आहे ते आजही कुणी खोडलेलं नाही: व्यायाम आपल्या ताकदीच्या निम्म्यानं करावा, आणि पोटाचे दोन भाग अन्नानं, एक भाग पाण्यानं भरून चौथा रिकामा ठेवावा. आमच्याकडं लग्नात तो चौथा भाग आइस्क्रीमसाठी ठेवतात.

झोपेबद्दल मात्र विनोद करवत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये हृदयाच्या तब्येतीच्या सात गोष्टींत आठवी म्हणून झोप घातली. रात्रीची सात ते नऊ तास. हे वाचलं त्या आठवड्यात आमच्या शेताच्या फिडरला रात्रीची लाइट होती. पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्री विहिरीवर जायचं, अंधारात दारं धरायची, साप-विंचू बघत बांधावर उभं राहायचं, आणि सकाळी परत दूध घालायला निघायचं. त्या माणसाला कुठला डॉक्टर कुठल्या तोंडानं सांगणार, की वेळेवर झोपा? हृदयाच्या पुस्तकात महावितरणचं वेळापत्रक नसतं. ज्यांना लाइटची वाट बघायची नाही, ते गावातले आम्ही लोक मात्र अंथरुणात मोबाइल बघत तेवढंच जागतो. त्याला काय म्हणावं?

कट्टा मात्र हृदयाला चांगला, असं मी पुराव्यानिशी म्हणू शकतो. एकटं पडलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता डॉक्टर लोकही मान्य करतात. संध्याकाळी पारावर चार माणसं जमून दिवसभराचं मळभ काढून टाकतात, हे औषधच आहे. अडचण एवढीच, की या औषधाबरोबर एक डबी फिरते. तंबाखू मळून चुना लावून समोर धरलेला तळहात नाकारणं हे चहा नाकारण्यापेक्षा अवघड. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, असं त्याच कट्ट्यावर गुटख्याची पुडी फाडत मला कुणीतरी सांगितलं. बाकी सगळ्या सवयींत थोडंफार इकडंतिकडं चालेल, हिच्यात नाही. भाकरी, चालणं, जवस, सगळं पाळून वर बिडी ओढली तर हिशेब बिडीच्याच बाजूनं लागतो. आणि बिडी-सिगारेट सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. एवढं लवकर फळ देणारं दुसरं पीक आमच्या शिवारात नाही.

हे म्हटलं की कट्ट्यावर हमखास एक आजोबा निघतात. कुणाचे तरी, शहाण्णव वर्षांचे, आयुष्यभर बिडी ओढून दुधासारख्या दातांनी ऊस खाणारे. त्यांच्यामागून दुसरा दाखला येतो: डॉ. नितू मांडके. किती हृदयं त्यांनी उघडून दुरुस्त केली, आणि २००३ मध्ये स्वतः हृदयविकारानंच गेले, पन्नाशीत. मग तुम्ही चालून काय उपयोग? यावर कट्टा जिंकल्यागत शांत होतो. मला बोलायचं असतं ते एवढंच, की बिडी ओढून पंचावन्नाव्या वर्षी गेलेले आजोबाही याच गावात होते आणि ते पुष्कळ होते. फक्त आपली गोष्ट सांगायला ते कट्ट्यावर येऊ शकत नाहीत. त्यांची नातवंडं इथंच बसलेली असतात, आणि शहाण्णव वर्षांच्या आजोबांची गोष्ट ऐकून मान डोलावत असतात.

बीपी आमच्या लोकांना समजत नाही, कारण ते दुखत नाही. एका डॉक्टरांनी तो प्रश्न आमच्या भाषेत सोडवला. ते म्हणाले, विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पाइपाचं तोंड निम्मं दाबून धरलं, तर पाणी येतं की नाही? येतं. उलट जोरात येतं. पण ताण पाइपावर पडतो. आज काही होत नाही, उद्याही नाही. एका उन्हाळ्यात तो फुटतो. हे शेजारच्या मामांना इतकं पटलं, की त्यांनी त्या दिवसापासून गोळी सुरू केली. महिन्याभरानं बीपी नीट आलं, आणि नीट आलं म्हणून त्यांनी गोळी बंद केली. पाइपाचं तोंड गोळीनं मोकळं ठेवलं होतं, हे त्या उदाहरणात सांगायचं राहिलं होतं. आता मामी रोज सकाळी चहाच्या बशीतच गोळी ठेवते. गोळी घेतल्याशिवाय कप हलत नाही.

त्या मामीचं बीपी कुणी मोजलं आहे का, हे मी विचारलं. मोजलं नव्हतं. तिला काय होतंय, असं मामा म्हणाले. सारखं पित्त होतं, पाठ भरून येते, दम लागतो, एवढंच. बायकांच्या हृदयाचं दुखणं कैकदा असंच येतं, छातीवर हात न ठेवता. पित्त म्हणून ते ओव्यावर आणि सोड्यावर निघतं. इथून जालना साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि झटक्यात पहिले एक-दोन तासच महत्त्वाचे असतात, त्यामुळं छातीत दाटून आलं, घाम फुटला, कळ हाताला किंवा जबड्याला गेली, तर सकाळ व्हायची वाट न बघता १०८ ला फोन लावा. आणि तीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणाचंही बीपी आणि शुगर सरकारी दवाखान्यात, गावच्या उपकेंद्रातसुद्धा, फुकट तपासतात. आपलं तपासून या. जाताना घरातल्या बाईलाही सोबत घेऊन जा. ती आपणहून जाणार नाही.